ग्रुपचं नाव

मुनवळ्ळीच्या पुढं डांबर संपतं तिथं
पत्र्याची कमान, एक टेबल, एक रजिस्टर,
रजिस्टरवर दगड, वारा पानं उलटतो म्हणून.
मल्लेशीनं विचारलं, "एष्ट मंदी?"
इमामहुसेन म्हणाला, "ओंबत्तु." नऊ.
टेम्पोतून उतरलो आठ.
नवव्याचे पैसे आधीच भरलेले,
परत मिळत नाहीत असा नियम.

पुढचा रकाना: ग्रुपचं नाव.
कंपनीचं घालावं तर मालकाला कळणार,
गल्लीचं घालावं तर आठ जणांच्या सात गल्ल्या.
यल्लोजीनं पेन झटकलं
आणि लिहिलं: रात्रपाळी.

पाणी कुठाय?
मल्लेशीनं हनुवटीनं दाखवलं. "नीर दूर ऐतरी."
लांब, अगदी लांब, ॲल्युमिनियमची एक पट्टी.
मधे अर्धा मैल तडकलेला काळा गाळ,
कुशीवर झोपलेली होडी
आणि "पोहण्यास सक्त मनाई" अशी पाटी,
तिच्या खांबाला एक शेळी पाठ घासतेय.

निंगोजी मोल्डर. माती दिसली की त्याला राहवत नाही.
पार पाण्यापर्यंत चालत गेला,
मूठभर उचलली, आवळली, मूठ उघडली.
चार बोटं उमटली, कडा शाबूत.
"साचा धरतीय. पण हिच्यात ओतू नये गा.
श्वास न्हाई हिला. वायू अडंल, काम उडंल."
ढेकूळ त्यानं टाकलं नाही,
खिशात घालून परत आला.

टेंट चार. उभे करायला दोन तास.
कुठला रॉड कुठल्या भोकात यावर भांडण.
केसाएवढा फरक नजरेनं पकडणारे आम्ही,
आमचा टेंट डावीकडं कललेला.
"वारा तिकडून हाय," सातेरी म्हणाला,
आणि तो विषय तिथं मिटला.

मल्लेशीनं घरच्या कडक भाकऱ्या आणून दिल्या,
मोडल्या की अंधारात आवाज होणाऱ्या.
दहाला सगळे आत गेलो.
साडेदहाला सगळे बाहेर.
आमची झोप दिवसाची,
खिडकीला निळा कागद,
खाली भाजीवाला मेथीचा भाव ओरडत असताना.
इथं ओरडायला कुणी नाही,
डोळा कसा लागणार?

वर बघत कल्लाप्पा म्हणाला,
"हे एवढं सगळं रोज आपल्या शेडवर असतंय काय?"
"असणार की. मधे पत्रा हाय."
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग कुणीतरी पत्ते काढले.

दोन वाजता भरमाचा फोन.
नववा. उद्यमबागेत एकटा,
भट्टीला नवं अस्तर लावलंय,
रात्रभर हळूहळू तापवायचं, घाई केली की भेग.
म्हणून तर आम्हाला सुट्टी.
"किती झालं?"
"साडेआठशे. चढूलाय निवांत."
पत्ते हातात तसेच धरून आठ जण ऐकत होतो.
"पाणी कसं हाय तिथलं?"

कसं सांगायचं? मी फोन घेऊन निघालो.
भेगा चुकवत, टॉर्च न लावता,
वाटेत तो विचारत राहिला, "आलं काय? आलं काय?"
काठावर फोन खाली धरला.
"काय ऐकू येईना बघ."
खरंच, लाट नव्हती.
ते पाणी कुणाशी बोलायच्या बेतात नव्हतं.
मग मी कोपरापर्यंत हात घातला
आणि ढवळलं.

"हां," तो म्हणाला, "आलं."
त्याच्या मागं पॅनेलचा गुंगाट,
पंचवीस वर्षं कानात असलेला;
इथं उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं
की त्यालाही सूर आहे, थोडा खालचा.
"बाराशे झालं की फोन करतो," म्हणाला. ठेवला.
हात ओला तसाच ठेवून मी उभा.

सकाळी मल्लेशीनं मोजलं. "एंटु."
रजिस्टर बघितलं. ओंबत्तु.
पुन्हा मोजलं, टेम्पोच्या खाली वाकूनसुद्धा.
इमामहुसेननं त्याला कानडीत काहीतरी सांगितलं,
भट्टी, अस्तर, फोन,
हातानं तापमान चढवून दाखवलं.
मल्लेशी डोकं खाजवत बसला.
मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, सावकाश, कानडीत.
तेवढं वाचता येतं मला:
एकजण ड्यूटीवर.

आणि पानावर दगड ठेवला.